आर्क्टिकमधलं काळं कुठून आलं

आधीच सांगून टाकतो, चूक माझीच होती. पण ती सापडेपर्यंत जे वीसेक तास गेले त्यात भारतात आमचे सर एका पेपरचं टायटल ठरवून मोकळे झाले होते, एका जर्मन बाईंची झोपमोड झाली होती आणि मी स्वतः साठेक वर्षांपूर्वी बंद पडलेल्या कोळसा खाणीवर संशय घेऊन डोंगराच्या पायथ्याशी फिरत होतो, तेही रायफलवाला माणूस सोबत घेऊन.

२०१९ चा जुलै. मी तेव्हा एका विद्यापीठाच्या प्रोजेक्टवर टेक्निकल स्टाफ होतो. सायंटिस्ट नाही हां, आधीच क्लिअर करतो. मशीन चालू ठेवणं, फिल्टर बदलणं, डेटा पाठवणं हे आपलं काम. आणि पोस्टिंग कुठं तर न्यू-ओलेसुंड. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटसमूहातल्या स्पिट्सबर्गन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर कोंग्सफ्योर्ड नावाची खाडी आहे, तिच्या काठावर. ७८ अंश ५५ मिनिटं उत्तर, म्हणजे ध्रुव तिथून जेमतेम बाराशे किलोमीटर. भारताचं हिमाद्री हे स्टेशन तिथेच आहे, २००८ च्या १ जुलैला सुरू झालेलं, आणि ते चालवते आपली गोव्याची, वास्कोची ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था. त्यामुळे मेसमध्ये कोकणी आणि मराठी अधूनमधून कानावर पडायची.

आता माझं गाव बल्लारपूर. मे महिन्यात सेहेचाळीस-सत्तेचाळीस डिग्री. बाबा कोळसा खाणीत पंप खलासी होते, अंडरग्राउंडला. खाणीत पाणी झिरपत राहतं, ते चोवीस तास उपसावं लागतं नाहीतर सगळं बुडतं, तर तो पंप सांभाळणारा माणूस म्हणजे पंप खलासी. तीस वर्षं तेच केलं. पाळी संपवून घरी आले की साबण लावून आंघोळ केली तरी डोळ्यांच्या कडांना काळं राहायचंच, लहानपणी मला वाटायचं सगळ्यांचे बाबा काजळ घालतात.

हे सांगायचं कारण असं की न्यू-ओलेसुंडला उतरलो तेव्हा मला वाटलं होतं विज्ञानाचं गाव असेल, चकाचक. लाँगइयरब्यून या तिथल्या मुख्य गावाहून छोट्या डॉर्निअर विमानाने पंचवीस मिनिटांत पोचतो (हेच विमान आपल्या कानपूरलाही बनतं, हे मी पायलटला सांगितलं, त्याला फारसं कौतुक वाटलं नाही). उतरून पाहतो तर जमीन काळी. रंगीत लाकडी घरं, मागे पांढरे हिमनग आणि पायाखाली कोळशाची चुरी. बंदराजवळ एक बुटकं वाफेचं इंजिन उभं, मागे कोळशाचे टब, म्हणजे खाणीतले छोटे डबे, जोडलेले. मी टब म्हणालो तेव्हा सोबतच्या लोकांना कळेना, त्यांच्यासाठी ती खेळण्यातली आगगाडी, फोटो काढायची जागा. मला मात्र टब ओळखायला एक सेकंद लागला नाही.

तर हे गाव मुळात कोळशासाठीच वसवलेलं. १९१६-१७ ला, पहिल्या महायुद्धात कोळशाचे भाव कडाडले तेव्हा नॉर्वेतल्या ओलेसुंड गावच्या धंदेवाल्यांनी इथे खाण काढली, आणि आपल्या गावाचंच नाव पुढे नवं लावून दिलं. बंदरातून बोटी भरून कोळसा जायचा, तोही खाडीत बर्फ नसेल तेवढेच महिने. १९२९ ला परवडेना म्हणून बंद. मग कंपनी सरकारने घेतली, युद्धानंतर १९४५ ला पुन्हा चालू, बायकापोरं आली, शाळा निघाली. मधेच १९२६ ला ध्रुवसंशोधक अमुंडसेन इथूनच नोर्गे नावाच्या हवाई जहाजातून ध्रुवावर गेला, ते बांधायचा लोखंडी मनोरा अजून उभा आहे आणि येणारा प्रत्येक जण त्याचाच फोटो काढतो. खाणीचा कोणी काढत नाही. असो.

आमची मशीनं ज्या इमारतीत होती तिचं नाव ग्रुवेबाडेट. ग्रुवे म्हणजे खाण, बाडेट म्हणजे आंघोळीची जागा. खाणकामगार पाळी संपल्यावर जिथे काळं धुवायचे तिथे आता जगभरची मशीनं हवेतलं काळं मोजतात. हे मला पहिल्याच दिवशी कळलं आणि मी बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणे, "गरम पाणी होतं का त्याइले?"

आता त्या दिवसाचं.

आमच्याकडे एथॅलोमीटर नावाचं मशीन होतं. समजायला सोपं आहे, हवा आत ओढायची, एका पांढऱ्या टेपमधून पास करायची, टेपवर काजळी बसते, त्यातून लाइट मारायचा, किती अडला त्यावरून काजळी किती ते कळतं. युनिट नॅनोग्रॅम प्रति घनमीटर. आपल्याकडच्या शहरात हा आकडा हजारांत खेळतो. तिथे उन्हाळ्यात दहा, पंधरा, कधी पाच. आणि एवढी थोडी काजळी कशाला मोजायची तर तीच बर्फावर बसते, बर्फ मळका झाला की ऊन जास्त शोषतो आणि लवकर वितळतो.

सकाळी सात वाजता लॅबला गेलो. बूट दारात काढले. स्वालबार्डमध्ये ही पद्धतच आहे, हॉटेलात, म्युझियममध्ये, सगळीकडे बूट बाहेर, खाणीच्या काळापासूनची, कारण कोळशाची धूळ घरात यायची. खाणी गेल्या, सवय राहिली. तर मोज्यांवर चालत स्क्रीनपाशी गेलो आणि आकडा ४१२.

मी डोळे चोळले. रात्री एकपर्यंत नऊ-दहा होता, मग हळूहळू चढत चढत चारशेवर. टेपवरचे डाग पाहिले, रात्रीपर्यंत जेमतेम राखाडी आणि नंतरचे एकामागोमाग एक काळे ठिपके, जसं कोणी काळ्या स्केचपेनने टिंबं देत गेलंय.

आता इथे मी काय करायला हवं होतं हे कोणत्याही टेक्निशियनला माहीत असतं. मी ते केलं नाही. मी स्क्रीनशॉट काढून सरांना मेल टाकला. भारतात तेव्हा साडेदहा वाजले होते, सर कॉलेजला पोचलेले, पाच मिनिटांत रिप्लाय. त्या जुलैमध्ये सायबेरियात आणि अलास्कात जंगलं प्रचंड जळत होती, बातम्यांत रोज होतं. सरांचं म्हणणं सायबेरियाचा धूर आला, आपण पकडला, कोणाच्या आधी. मेलमध्ये तीन उद्गारचिन्हं. मी त्यांच्याकडे चार वर्षं काम केलं, एकदम तीन कधी पाहिली नव्हती. मलाही चढलं थोडं, खोटं कशाला बोलू.

गावाच्या डोक्यावर झेपेलिन नावाचा डोंगर आहे, पावणेपाचशे मीटरवर तिथे एक वेधशाळा, केबल कारने जातात. धूर लांबून आला असेल तर तिथेही दिसणारच. तिथला डेटा पाहणाऱ्या जर्मन बाई रात्रभर दुसऱ्या कामात जागून नुकत्या झोपल्या होत्या, मी जाऊन दार वाजवलं. (दारं तिथे कोणी कुलूप लावत नाही, अस्वल आलं तर कुठल्याही घरात शिरता यावं म्हणून. तरी मी वाजवलं.) बिचाऱ्यांनी लॅपटॉप उघडला, पाहिलं, म्हणाल्या वर काहीच नाही, नेहमीचाच आकडा. आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जाऊ दे.

सरांना कळवलं. सर म्हणाले धूर खालच्या थरात अडकला असेल, वर दिसणार नाही. असंही होऊ शकतं म्हणा. पण मला वाटलं आता हे लोकल आहे. मग लोकल काय काय? पॉवरहाऊस डिझेलवर चालतं, पण वारा उलटा होता. क्रूझ जहाज आलं होतं धक्क्याला, पण ते सहाला लागलं आणि आकडा चढायला लागला एकला. स्नो स्कूटर उन्हाळ्यात बंद. गाड्या मोजून दहा-बारा, त्यातली एकही तिकडे फिरकली नव्हती. वारा येत होता डोंगराकडून, म्हणजे जुन्या खाणीकडून. चार दिवस पाऊस नाही, जमीन कोरडी, आणि तिथे कोळशाचे ढिगारे उघडे पडलेले. मी ठरवूनच टाकलं की खाणीची धूळ उडतेय. बल्लारपूरचा माणूस, दुसरं काय सुचणार.

गावाच्या हद्दीबाहेर रायफलशिवाय जाता येत नाही. मी ट्रेनिंग केलं होतं पण माझा नेम आमच्या इन्स्ट्रक्टरलाच भीती वाटावी असा होता, म्हणून वर्कशॉपमधल्या एका मेकॅनिकला पकडलं. साठीला टेकलेला, कमी बोलणारा, बुलेट चालवणारे आपल्याकडचे जुने मिस्त्री असतात तसा. गंमत म्हणजे तो ज्या कंपनीचा नोकर होता ती किंग्स बे, म्हणजे जिने इथे कोळसा काढला तीच कंपनी. नावातला कोळसा तेवढा काढून टाकला. आता ती मेस चालवते, वीज देते, विमानांची सोय बघते, खोल्या भाड्याने देते, सगळं सरकारी मालकीचं.

चालता चालता मी त्याला विचारलं बंद का पडली. तो थांबला. ५ नोव्हेंबर १९६२, म्हणाला. एस्टर नावाच्या खाणीत स्फोट झाला, एकवीस माणसं गेली. त्याआधीही मोठे अपघात झालेच होते, पण हा शेवटचा. सगळे मृतदेह बाहेर काढताही आले नाहीत, काही जण अजून आतच आहेत. त्याने हाताने डोंगराकडे दाखवलं, बोट करून नाही, पूर्ण तळहात, जसं आपण देवळाकडे दाखवतो.

पुढचं त्याने तिथे उभ्या उभ्याच सांगितलं. कंपनी सरकारी, त्यामुळे चौकशीचा अहवाल आल्यावर ओस्लोत पार्लमेंटमध्ये गदारोळ झाला आणि ऑगस्ट १९६३ मध्ये पंतप्रधान गेरहार्डसेनचं सरकार अविश्वासाने पडलं. एका कोळसा खाणीवरून. त्यानंतर आलेलं सरकार महिनाभरच टिकलं आणि गेरहार्डसेन परत आले, ते सोडा, पण सरकार पडलं. मी हे ऐकून गप्प झालो. आमच्याकडे खाणीत माणूस गेला की पेपरात जिल्ह्याच्या पानावर चार ओळी, त्यातली एक घरच्यांना नोकरी मिळेल का याची.

खाण बंद, बायकापोरं बोटीने परत. खाणीचं गाव खाण गेल्यावर काय होतं ते मी पाहिलंय, क्वार्टर्सच्या खिडक्या दरवाजे आधी जातात, मग विटा. त्याच बेटावर रशियनांचं पिरामिडन हे खाणीचं गाव आहे, १९९८ ला बंद झालं आणि घरं तशीच ठेवून माणसं निघून गेली. मग हेच गाव कसं जगलं? मेकॅनिक म्हणाला नशीब आणि आकाश. १९६७ ला युरोपियन लोकांनी इथे उपग्रहांशी बोलायचं स्टेशन टाकलं, कारण ध्रुवावरून फिरणारा उपग्रह इथून फार वेळा दिसतो. मागोमाग नॉर्वेची ध्रुवीय संस्था आली, नव्वदच्या दशकात जर्मन, जपानी, ब्रिटिश, पुढे चिनी (दारात दगडी सिंह बसवलेत त्यांनी), मग आपण. घरं होती, बंदर होतं, पॉवरहाऊस होतं, सगळं कोळशाने बांधून ठेवलेलं, यांनी फक्त येऊन राहायचं. आता हिवाळ्यात तीस-पस्तीस माणसं, उन्हाळ्यात शंभरावर.

माझं मत विचाराल तर नुसतं नशीब नाही, मागे सरकार उभं राहिलं म्हणून जगलं. नॉर्वेला त्या बेटांवर आपली माणसं हवीच होती, कोळशाने नाही तर हवेच्या नळ्यांनी. स्वालबार्डचा करारच असा आहे, १९२० चा, सार्वभौमत्व नॉर्वेचं पण करारातल्या कुठल्याही देशाच्या माणसाने येऊन काम करावं, आणि ब्रिटिश राजवटीतून का होईना भारत त्यात पहिल्यापासून आहे. म्हणून रशियन तिथे बॅरेन्ट्सबर्गमध्ये अजून कोळसा काढतात आणि म्हणून मी तिथे टेप बदलत होतो.

ढिगाऱ्यांपाशी पोचलो. वाकून चुरी हातात घेतली. (खिशात टाकायची नाही, १९४६ च्या आधीचं सगळं तिथे वारसा म्हणून संरक्षित, खिळासुद्धा.) वास घेतला. तोच वास. बाबांच्या डब्याच्या पिशवीचा. पण धूळ काही उडत नव्हती, दमट होती, मुठीत दाबली तर गोळा होत होता. आणि तिथेच माझी ट्यूब पेटली की अरे, आपल्या इनलेटला तर अडीच मायक्रॉनचा सायक्लोन लावलाय, त्याहून मोठा कण आत जातच नाही, उडालेली जाड धूळ ४१२ करणार कशी? हा विचार निघण्याआधी यायला हवा होता. मेकॅनिकला म्हणालो सॉरी. तो म्हणाला, फिरायला आलो म्हणून काय बिघडलं.

परतताना टर्न पक्ष्यांनी डोक्यावर चोची मारल्या. त्यांची पिल्लं रस्त्याकडेला असतात, लोक काठी डोक्यावर उंच धरून चालतात, पक्षी सगळ्यात उंच टोकावर मारतो म्हणून. माझ्याकडे काठी नव्हती.

संध्याकाळी सहाला, म्हणजे घरी साडेनऊला, बाबांना कॉल लावला. वायफाय तिथे बंद, ब्लूटूथही बंद, कारण गावात रेडिओ दुर्बिणी आहेत, त्यांना त्रास होतो. लॅपटॉपला केबल लावून बोलायचं. मी आधी खाणीचं सांगितलं. बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "गॅस होता का धूळ? स्टोन डस्टिंग करत होते का नाही?" खाणीत भिंतींवर चुनखडीची पांढरी पूड मारतात, कोळशाच्या धुळीचा स्फोट पुढे पसरू नये म्हणून. मला काय माहीत. मग म्हणाले, "आन् किती जण आत राह्यले?" मी म्हणलं नक्की आकडा नाही विचारला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मला वाटलं लाइन गेली.

मग मशीनचं सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हवा ओढाले पंप हाय ना? त्याचं सील गेलं असन." मी म्हणलं बाबा तसा पंप नाहीये हा, यात सीलबिल नसतं. "अबे मंग पाय तरी ना एकदा. पंप चालू दिसला म्हंजे चांगला हाय असं नसते." सील गेलेलं नव्हतं, हे आत्ताच सांगतो, बाबांचं डायग्नोसिस साफ चुकलं. पण मी दिवसभर गावभर फिरलो होतो आणि टेबलाखाली एकदाही वाकलो नव्हतो हे खरं.

जेवण झाल्यावर लॅबला गेलो. ऊन तसंच, तिथे जुलैत रात्रच नसते. आधी इनलेटच्या तोंडाला झिरो फिल्टर लावला. हा फिल्टर लावला की आत स्वच्छ हवा जाते आणि आकडा शून्यावर यायलाच हवा. हेच सकाळी सात वाजता करायचं होतं, मॅन्युअलमध्ये पहिल्याच पानांत आहे. दहा मिनिटं थांबलो. ३८०. म्हणजे काळं बाहेरून येतच नव्हतं. सायबेरिया, जहाज, खाण, सगळे निर्दोष. काळं खोलीतच होतं.

गुडघ्यावर बसलो, टॉर्च मारला. आदल्या दिवशी संध्याकाळी मी टेपचा रोल बदलला होता, तेव्हा इनलेटच्या नळीचा नट हाताने लावला आणि पाना नंतर मारू म्हणून राहून गेला, चक्क एक आटा सैल. ते एक. दुसरं म्हणजे शेजारच्या सॅम्पलरचा मोठा पंप आवाज करतो म्हणून मी तोही आदल्याच दिवशी टेबलाखाली सरकवला होता, आणि रात्रीत थरथरून त्याची एक्झॉस्टची नळी फिल्टरवरून निघून पडली होती. त्या पंपात पाती असतात ग्रॅफाइटची, फिरता फिरता झिजतात आणि त्यांची बारीक पूड एक्झॉस्टमधून बाहेर पडते. म्हणूनच तिथे फिल्टर लावून नळी भिंतीबाहेर काढतात. ती पूड रात्री एकपासून खोलीत पसरत होती आणि वीतभर अंतरावर माझा सैल नट ती मनापासून ओढून घेत होता. पंपाच्या मागे भिंतीवर हाताच्या तळव्याएवढा काळा डाग पडला होता. बोट फिरवलं. बोटाच्या रेषा काळ्या झाल्या. मोज्यांचे तळवे पाहिले, तेही काळे. दारात बूट काढून आलेला मी आणि आत हे.

नट आवळला, नळी बसवून क्लिप मारली, दार उघडं टाकलं, फरशी ओल्या फडक्याने पुसली, तीन वेळा. फडकं धुवायला सिंकपाशी गेलो, काळं पाणी गोल फिरत जाळीतून खाली जाताना बघत उभा राहिलो. खाणकामगारांची आंघोळीची जागा ना ती.

मग सरांना मेल. हा मेल लिहायला नट आवळण्यापेक्षा चौपट वेळ लागला. सगळं लिहिलं, लपवलं काही नाही, रात्री एकपासूनचा डेटा बाद धरावा असंही लिहिलं. सकाळी रिप्लाय आला, एका शब्दाचा, नोटेड. उद्गारचिन्ह नाही. जर्मन बाईंना मेसमध्ये गाठून सांगितलं तर त्या हसल्या, म्हणाल्या माझ्या पहिल्या वर्षी मी तीन आठवडे किचनचा एक्झॉस्ट मोजला होता. हे खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून, देव जाणे.

त्यानंतर बरंच काही बदललं. लाँगइयरब्यूनचं कोळशावरचं वीजकेंद्र २०२३ ला बंद झालं, डिझेल आलं. तिथली शेवटची नॉर्वेजियन खाण, सात नंबरची, २०२५ च्या जूनअखेरीस थांबली. ती बातमी मी बाबांना वाचून दाखवली. म्हणाले, "मंग पाणी कोण उपसते आता?" बंद खाणीत पाणी भरतं, त्यांच्या डोक्यात तेवढंच.

पण त्या रात्री, म्हणजे उन्हातल्या त्या रात्री, आकडा खाली यायला तास-दीड तास लागला. दोनशे, नव्वद, चाळीस, मग नऊ. बाबा झोपले असतील असं वाटलं होतं, पण ऑनलाइन दिसले, लावला कॉल.

"सापडलं?"

सापडलं म्हणलं, पंपच होता.

"सांगतलं होतं ना सील."

सील नाही बाबा, एक्झॉस्ट.

"एकच झालं. मंग आता किती काळं हाय?"

नऊ.

"नऊ काय?"

नॅनोग्रॅम. म्हणजे एक ग्रॅमचे शंभर कोटी तुकडे करायचे आणि त्यातले नऊ घ्यायचे.

पलीकडे शांतता. मग आईला सांगताना ऐकू आलं, "अवो, पोरगं तिकडं काहीच नाही ते मोजून राह्यलं."